सहा खुणांची बाटली

घाईचा आमच्या मामांइतका मनापासून तिटकारा करणारा माणूस सगळ्या पिंपरी-चिंचवडात तेव्हा दुसरा नव्हता, आणि आता तर असणं शक्यच नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे मानलेले भाऊ. चिंचवडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर एका मिनिटात नाडी बघून चिठ्ठी लिहायचे आणि त्यापुढचा अर्धा तास मामांचा असायचा. औषधाच्या चौकोनी खिडकीतून त्यांची काळी टोपी, चष्म्याची एक काच आणि डावा गाल एवढंच दिसायचं. उजवी बाजू कायम भिंतीकडे. आमच्या घरीसुद्धा ते पाट असा तिरका मांडून बसत की आम्हाला ते अर्धेच दिसावेत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की त्याचं कारण विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एकदा चिखलीचे एक पाटील खोकल्याचं औषध न्यायला आले होते. तासाभराने ते खिडकीशी जाऊन म्हणाले, "आवो कंपौंडर, माजा खोकला हितं बसूनच गेला बगा. आता औशीद ऱ्हाऊ द्या." मामांनी मान वर न करता सांगितलं, "राहू कसं देऊ? अर्धं झालंय. पुढच्या खोकल्याला होईल." पाटील मुकाट्याने परत बाकावर जाऊन बसले.

त्या काळी दवाखान्यातलं औषध घरून नेलेल्या बाटलीत मिळायचं आणि बाटलीवर खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असायची. एका खुणेपर्यंत प्यायलं की एक डोस झाला. ही पट्टी कातरणं हा मामांच्या आयुष्यातला खरा आनंद होता. कागदाची घडी घालायची, कात्रीने कोपरे उडवायचे, घडी उलगडून उजेडात धरायची, आणि एक खूण तसूभर जरी इकडेतिकडे वाटली तरी पट्टी फेकून दुसरी कापायला घ्यायची. मग हा नाद दवाखान्यात मावेना. आमच्या लोणच्याच्या बरणीला त्यांनी पट्टी लावली, एक खूण म्हणजे एक आठवडा. वडिलांनी एका बसणीत दोन खुणा लोणचं संपवलं तेव्हा मामा चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. भाऊबीजेला आई त्यांना डबाभर चिवडा द्यायची. मामा एकटे राहत, लग्न केलेलं नव्हतं, आणि डब्याला पट्टी लावलेली. तो चिवडा त्यांना होळीपर्यंत पुरायचा. शेवटी शेवटी तो चिवडा आहे हे फक्त मामाच ओळखू शकत.

अशा माणसाच्या हाती माझं तोंड सापडलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मुरमांनी असं काही ठाण मांडलं होतं की नवीन मुरमाला जागा शोधावी लागत असेल. आईने मसुराचं पीठ लावून पाहिलं, शेजारच्या काकूंनी जायफळ उगाळून दिलं, आणि ज्याला जे सुचेल ते मी थापत राहिले. एरवी मी कशाला एवढी फिकीर केली असती! पण तेव्हा पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यातल्या औषधाच्या एका कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात मुली घेत होते. माझी निवड झाली होती, फक्त डॉक्टरीणबाईंची तपासणी बाकी होती. त्या खात्यात सगळं निर्जंतुक लागायचं, तोंडावर, हातावर फोड-पुटकुळ्या असलेली मुलगी चालायची नाही. तपासणीला चार आठवडे होते. इकडे घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती आणि वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी लागली तर दोन वर्षं थांबतो. नाही लागली तर मार्गशीर्षात उरकून टाकू." त्यामुळे मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती.

मामांनी मला दारात उजेडाला उभं केलं आणि भिंग लावून माझा चेहरा वाचला. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी एक लहान बाटली घेऊन आले. "सॅलिसिलिक ॲसिड," ते म्हणाले, "स्पिरिटात विरघळवलंय."

"ॲसिड?" आई किंचाळली. "दादा, पाटलांच्या पायाच्या कुरूपाला दिलंत तेच ना हे?"

"तेच. पण त्यांच्या औषधात शंभराला वीस भाग आणि हिच्यात दोन. अक्का, आमटीत मीठ घालतेस ना? मूठभर घालतेस का?"

मग माझी शिकवणी झाली. दिवेलागणीला तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. कापसाचा बोळा जेमतेम ओला करायचा. दिवसाआड, एकदाच. डोळ्यांजवळ, ओठांजवळ नाही. मुरूम फोडायचा नाही, त्याच्याकडे आरशात सारखं बघायचंसुद्धा नाही. "हे औषध छिद्रांची बुचं काढतं," मामा म्हणाले, "आणि बूच हळूच काढायचं असतं." बाटलीवर अर्थात पट्टी होती. सहा खुणा, सहा आठवडे.

आता लहानपणापासून दवाखान्याच्या बाटल्यांवर वाढलेल्या मुलीला एवढंच कळतं की बाटली संपली की आजार संपतो. खुणा सहा आणि आठवडे चार. मी सरळ हिशेब केला आणि रोज, दोन वेळा, बोळा चांगला थबथबीत भिजवून लावायला लागले. झोंबलं की मला बरंच वाटायचं, औषध लागू पडतंय म्हणून. सहाव्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर तोंड लालभडक आणि गालांची सालं उकडलेल्या बटाट्यासारखी सुटलेली. आईने असा हंबरडा फोडला की शेजारच्या काकू जायफळ घेऊनच धावत आल्या.

कुणीतरी दवाखान्यात निरोप दिला आणि मग चिंचवडने कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. मामा धावत आले. टोपी नाही, एका हातात कात्री तशीच. दारातून थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मला ते पहिल्यांदाच पूर्ण दिसले. उजव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत काळपट, सुरकुतलेला डाग होता. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझा चेहरा उजेडाकडे वळवला.

"किती वेळा लावलंस?"

मी सांगितलं.

"उतरेल. दोनच भाग होते, उतरेल," ते स्वतःलाच सांगत होते. मग गालाला हात लावून म्हणाले, "मलाही असेच मुरूम होते. पुण्याला मुलगी बघायला जायचं होतं, आठ दिवस राहिले होते. मी नवा कंपाउंडर, कपाट माझ्या ताब्यात. म्हटलं, दोन भागांनी सहा आठवडे लागतात, तर वीस भागांनी चार दिवसांत होईल. उजव्या गालापासून सुरुवात केली."

"आणि मुलगी नाही म्हणाली?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? मी गेलोच नाही."

काकूंनी जायफळ पदराआड घेतलं.

दहा दिवस मामांनी औषध बंद केलं, नुसतं साधं मऊ मलम लावायला दिलं आणि उन्हात जायला बंदी केली. मग बाटली स्वतःकडे ठेवून दिवसाआड संध्याकाळी ते घरी यायचे, मोजून बोळा भिजवायचे आणि मी लावेपर्यंत समोर बसायचे. आता पाट तिरका नसायचा. तपासणीच्या दिवशी सालं गेली होती, पण हनुवटीवर तीन-चार मुरूम होतेच. डॉक्टरीणबाईंनी हनुवटी वर करून बघितली आणि म्हणाल्या, "सुकताहेत. दोन आठवड्यांनी परत ये, मग ठरवू." मी रडत बाहेर आले. मामा सकाळपासून फाटकाशी झाडाखाली उभे होते. त्यांनी बोटांवर मोजलं. "चार आणि दोन सहा," ते म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?"

सहाव्या आठवड्याला मला घेतलं. कारखान्याच्या पासासाठी फोटो हवा होता म्हणून मी मामांना घेऊन चिंचवडच्या फोटोवाल्याकडे गेले. माझा झाल्यावर मी हट्टच धरला की दोघांचा एक काढायचा. मामा बरेच आढेवेढे घेऊन बसले. फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोकं काढलं, त्यांच्या गालाकडे बघितलं आणि भल्या मनाने म्हणाला, "काका, मान जरा उजवीकडे वळवा. डावी बाजू चांगली येईल." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले, "सरळच घ्या. आणि सावकाश घ्या, आम्हाला घाई नाही."

मी दोन वर्षं नाही, सात वर्षं नोकरी केली आणि माझ्या मनाने लग्न केलं. मामांचे ते उपकार कधी बोलून फेडता आले नाहीत. ते गेले तेव्हा हार घालायला आम्ही त्यांचा फोटो शोधू लागलो. खोलीत ट्रंका उघडल्या, दवाखान्यात विचारलं, पुण्याच्या नातेवाइकांकडे माणूस पाठवला. कुणाकडेच नव्हता. सगळ्या आयुष्यात त्यांनी तो एकच फोटो काढून घेतला होता, माझ्याबरोबरचा. मग त्यालाच हार घातला, आणि त्या हाराखाली मामांच्या शेजारी मीही बसलेली होते, स्वच्छ तोंडाने हसत.