गाठीत हरवलेला साप

बाईंना किळस फार यायची. कागदी कपातली कॉफी, दारात रांगोळीऐवजी चिकटवलेलं प्लास्टिकचं कोलम, आमच्या मालकांचं अत्तर, सगळ्याला एकच शब्द: "अय्ये." तमिळमधली ही 'शी'. चेन्नईत मैलापूरच्या आमच्या छोट्या प्रकाशनात त्यांचं नावच अय्येबाई पडलं होतं.

बाई तंजावरकडच्या मराठी, कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. जुन्या इंग्लंडातल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या कलेवर आम्ही मुलांसाठी पुस्तक काढत होतो, त्यातली चित्रं तपासायला त्या येत. मी संपादक, साताऱ्याहून आलेला. त्या चित्रांत सोन्याच्या बकलावर एकमेकांना चावणारे साप, शिरस्त्राणावर रानडुक्कर, ढालीवर ड्रॅगन. मला तो सगळा नुसता गुंता वाटे.

बाई त्या गुंत्यातून बोट फिरवत. "दारचं सिक्कु कोलम पाहतोस नव्हे? रेघ ठिपक्यांस वळसे घालून निघाली तेथे परत येते. तसंच हे, बा. गाठीत गेला साप बाहेर यायला पाहिजे. हा पाय कोणाचा, सांग." सांगता येईपर्यंत उठू देत नसत. पुढे पुढे मलाही शेपटं सापडू लागली आणि लहान पोरासारखा आनंद व्हायचा.

मग मालकांनी खर्च वाचवायला नवी चित्रं कॉम्प्युटरकडून करून घेतली आणि आम्हाला न दाखवता छापूनही टाकली. शिसारी यावी अशी चित्रं. डुकराला बदकाचे पाय, ड्रॅगनला कवळीसारखे दात, आणि साप गाठीत शिरून जो गडप झाला तो झालाच. वर पहिल्या पानावर चित्रं तपासणाऱ्या म्हणून बाईंचं नाव, खाली संपादक म्हणून माझं.

"मुलं हेच खरं समजतील, तेही माझ्या नावानं," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मुलांना काय कळतंय?" मालक हसले.

बाईंनी पर्समधून काळं मार्कर काढलं, गठ्ठ्यापाशी बसल्या आणि एकेका प्रतीतलं स्वतःचं नाव मिटवू लागल्या. मालक ओरडत राहिले.

"बाई, माझंही मिटवा."

"मी कां मिटवूं? तुझी नोकरी आहे. पोदुम, पुरे झालं, तू आत जा."

मी टेबलावरचं दुसरं मार्कर घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. मालकांनी दोघांनाही त्याच दुपारी घरी पाठवलं. बाईंची ती शेवटची भेट. आई अजून विचारते, चांगली नोकरी का घालवलीस? सापाच्या शेपटीपायी, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?