महागडं पेट्रोल आणि चौदा वर्षांचा रबरी पाईप

मित्रांनो, जुनी गाडी वापरत असाल तर आज सकाळचं हे वाचाच.

माझी कार चौदा वर्षांची आहे, पावणेदोन लाख किलोमीटर झाले. इथेनॉलवाल्या पेट्रोलनं इंजिन खराब होईल या भीतीनं मी सहा महिने इथेनॉल नसलेलं सगळ्यात महागडं पेट्रोल टाकतोय.

आज आईचे डोळे दाखवायला अड्याळहून भंडाऱ्याला निघालो. वाटेत ती म्हणाली, "मले पेट्रोलचा वास येऊन राहिला रे."

"आत्ताच टाकी भरली ना आई, म्हणून येत असंन."

थोड्या वेळानं तिनं नाकाला पदर लावला. "गाडी थांबव. नाही तं मी एसटीनं जातो."

चिडतच रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर थांबलो. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि आधी मला गाडी बंद करायला लावली. इंजिनकडे जाणारा रबरी पाईप तडकला होता. पेट्रोलचे थेंब तापलेल्या इंजिनवर पडत होते.

"भाऊ, हा पाईप कधी बदलला होता?"

"कधीच नाही."

"मंग महागडं पेट्रोल टाकून काय फायदा? रबर जुनं झालं का फाटतेच."

अर्ध्या तासात नवा पाईप बसला. आईनं स्वतः बॉनेटजवळ जाऊन वास घेतला, मगच गाडीत बसली. इंजिन वाचवायच्या नादात मी आईला पेट घेऊ शकणाऱ्या गाडीत बसवलं होतं.

तुम्ही तुमच्या गाडीचं बॉनेट शेवटचं कधी उघडलं?