बिननवसाची सायकल

त्रेपन्नाव्या वर्षी मी आतून गादी शिवलेली काळी घट्ट चड्डी विकत घेतली आणि ती घालून भर सकाळी तुळजापूरच्या रस्त्यावर उतरलो. शाळेत गणित शिकवणारा माणूस, गावात थोडाफार मान असलेला. डॉक्टरांनी साखर काठावर आलीय, रोज चालत जा, एवढंच सांगितलं होतं. चालायला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणूनच बहुधा तो सल्ला मला हलका वाटला. मी सोलापूरला जाऊन एकवीस गिअरची सायकल आणली, हेल्मेट आणलं, बोटं उघडी राहणारे हातमोजे आणले. बायकोनं ते सगळं पलंगावर मांडलेलं पाहिलं आणि यातलं चालवायचं नक्की काय, असं विचारलं.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की या सायकलची सीट बसण्यासाठी केलेली नसते. गादीच्या चड्डीचा उपयोग एवढाच, की आपण खबरदारी घेतली होती असं दुखताना म्हणता येतं. मी वर्गात सगळे तास उभ्यानं घेऊ लागलो. मुख्याध्यापकांनी माझ्या उत्साहाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून स्वीकारलं.

दुसऱ्या आठवड्यात चाकात बाभळीचा काटा घुसला. पंक्चरवाल्यानं चाक फिरवून पाहिलं, हवा भरायची बारीक नळी पाहिली, शेजारच्या दोघांना बोलावून ती दाखवली आणि याला आमचा पंप बसत नाही म्हणून सायकल माझ्या हातात परत दिली. मी सायकल ढकलत घरी निघालो. वाटेत मोटारसायकलवाले थांबून पेट्रोल संपलं का म्हणून विचारायचे आणि जवळ आल्यावर सायकल आहे हे बघून जास्तच हळहळायचे. एकानं किंमत विचारली. मी निम्मीच सांगितली, तरी तेवढ्यात चांगली जुनी गाडी आली असती, असं त्यानं मला समजावलं.

मग मी आमच्या भागातल्या सायकलवाल्यांच्या घोळक्यात शिरलो. दाताचे एक डॉक्टर, दोन वकील, खताचे एक दुकानदार, एक कंत्राटदार आणि असेच आणखी चार-पाच. यांचं सायकल चालवणं म्हणजे निघताना फोटो, चहाला फोटो आणि परत आल्यावर फोटो. मोबाईलवर आपण गेलो त्या रस्त्याची लाल रेघ उमटते. ती उमटली नाही तर गेलोच नाही असं धरायचं. एका वकिलांची रेघ ठरल्यापेक्षा थोडी कमी भरली, तर त्यांनी घरासमोरच्या मैदानात गोल गोल चकरा मारून ती पुरी केली. कंत्राटदार तर घाटाचा चढ आला की सायकल ड्रायव्हरच्या गाडीत टाकायचे आणि वर आल्यावर उतरवून उताराची मजा घ्यायचे. या सगळ्यांना मी मनातून हसत होतो आणि पोट आत ओढून त्यांच्याच शेजारी फोटोला उभा राहत होतो.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्याकडे सायकल चालवतात ते पेपर टाकणारे आणि शाळेच्या मुली. खाऊनपिऊन सुखी दिसणारा प्रौढ माणूस घाम गाळत सायकल हाणतोय, तर त्याला काहीतरी कारण असणारच. आणि तुळजापूरला येणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर लोकांना कारण एकच सुचतं. इथं कुणी अनवाणी चालत येतं, कुणी ज्योत घेऊन पळत येतं. त्यात एक सायकलवाला म्हणजे काही नवल नाही. शेतातल्या बाया माझ्याकडे बघून हात जोडायच्या. एका म्हाताऱ्यानं मला थांबवून मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. नवस नाही हो, व्यायाम आहे, असं मी म्हणायचो. त्याचा उलटाच परिणाम व्हायचा. कारण नवस कुणाला सांगायचा नसतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी जितका नाही म्हणे, तितका तो नवस मोठा ठरे.

याची मला चीड यायची, आणि त्याला कारण होतं. मी पुजाऱ्याच्या घरचा. लहानपणी आमच्या ओसरीवर यात्रेकरू झोपायचे आणि त्यांचे नवस ऐकतच मी मोठा झालो. कुणाला मुलगा हवा, कुणाला नोकरी, कुणाची म्हैस दूध देईना. पंधराव्या वर्षी मी ठरवलं की आपण या भानगडीत पडायचं नाही. घरचं काम मोठ्या भावानं घेतलं, मी गणित घेतलं. लग्नानंतर जोडीनं दर्शनाला गेलो होतो, त्यानंतर खाली देवळात नेणाऱ्या पायऱ्या मी उतरलो नाही. नवस करणाऱ्या माणसाला हसायचा हक्क मला जन्मानंच मिळालाय, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर घोळक्यानं जळकोटपर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा उत्साह नुसता ओसंडत होता. पहाटे एकाकडे लग्न निघालं, एकाचा गुडघा धरला, बाकीच्यांनी फोनच उचलला नाही. मी एकटाच निघालो. जाताना वारा पाठीशी आणि रस्ता उताराचा. आपल्याला सायकल जमली, असं मला वाटायला लागलं. जळकोटला हायवेवर भजी खाल्ली आणि परत फिरलो, तेव्हा कळलं की मघाशी सायकल मी नाही, वारा चालवत होता. आता तोच वारा तोंडावर. उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून अंगावरून जात होत्या आणि मी खालच्या गिअरमध्ये नुसते पाय फिरवत होतो.

नळदुर्ग मागं पडलं आणि पिंढरीत गोळे आले. एका फाट्यावर पत्र्याचं हॉटेल दिसलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी एक बाई एकटीच चहा करत होती. तिनं ग्लास माझ्या हातात दिला नाही. बाकड्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली. माझ्या घामाची आणि त्या चड्डीची किळस आली असावी असं मला वाटलं, आणि तिचं काही चुकलं असंही वाटलं नाही.

तिनं कुठून आलात विचारलं, मी जळकोटहून म्हणालो. कुठं निघालात विचारलं, मी तुळजापूर म्हणालो. दोन्ही खरं होतं आणि तेवढ्यानं व्हायचं ते झालं. नवस का, असं तिनं हळूच विचारलं. मी चिडून सांगितलं की मी तुळजापूरचाच आहे, सकाळी निघालो, जळकोटला जाऊन परत चाललोय, तब्येतीसाठी. तिनं यावर थोडा विचार केला. देवीच्या दारातून निघून, एवढ्या लांब जाऊन, पुन्हा देवीच्या दारात आपल्या पायानं परत जायचं, म्हणजे काम मोठं अवघड असणार, असं ती म्हणाली आणि पुढं खोदून विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "भाऊ, येक काम सांगू का? जमंल तर करा."

तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. आज सहावा दिवस. मूल सोलापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, लेक आणि हिचा नवरा तिकडंच. आणि घराला सोयर. आमच्याकडे घरात बाळंतपण झालं की बारा दिवस देवाला शिवायचं नाही. देवळात जायचं नाही, घरातला नारळसुद्धा देवीपुढं चालत नाही. नातीसाठी देवीकडं जावं असं नेमके याच दिवसांत वाटणार आणि नेमके हेच दिवस तिला बंद. बसनं जाणारे-येणारे रोज थांबतात, पण त्यांना सांगावंसं वाटत नाही, म्हणाली. जो अंग झिजवून चाललाय त्याचं देवी आधी ऐकते. आपला हात माझ्या नवसाला लागू नये, म्हणून तिनं ग्लास बाकड्यावर ठेवला होता.

"नारळ नगं, काय नगं," ती म्हणाली. "तुमचं झालं की निस्तं म्हणा, त्या लेकराकडं बघ म्हणावं. नाव ठिवलं न्हाय आजून. फाट्यावरल्या हाटेलवालीची नात म्हणा."

हे सोयरबियर माणसांनी केलेलं आहे, देवीला तुमच्या घरी येता येतं, असं मला सांगता आलं असतं. मी देवळात जातच नाही, हेही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "म्हणतो, अक्का." तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी घरी पोचलो. माझ्या घरापासून देऊळ पाच मिनिटांवर आहे. मी मोबाईलवरची लाल रेघ बंद केली, फोटोसकट घोळक्यात टाकली, दाताच्या डॉक्टरांनी लगेच शाबासकी दिली. आंघोळ केली, भाकरी खाल्ली, झोपलो. संध्याकाळी पाय वाकेनात आणि देवळाला तर पायऱ्याच पायऱ्या, म्हणून उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार, गर्दी फार. तिसऱ्या दिवसापर्यंत पाय बरे झाले होते, म्हणून डोकं मदतीला धावून आलं. काचेच्या पेटीतलं मूल वाचवणं डॉक्टरांचं काम. चाळीस वर्षं जे हसण्यावारी नेलं, त्यासाठी आता रांगेत उभं राहायचं म्हणजे स्वतःशी अप्रामाणिकपणा. मला हा विचार इतका आवडला की मी तो बायकोलाही ऐकवला, अर्थात कशावरून सुचला ते न सांगता.

भाऊ रोज पहाटे देवळात जातो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. भिंतीवरून चार शब्द टाकले असते तरी काम झालं असतं. पण तो हसला असता, शेवटी आलास ना वळणावर, असं म्हणाला असता. ते मला सोसलं नसतं, म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. माकणीच्या धरणाकडं जायचं असं घरी सांगितलं होतं आणि चौकात सायकल आपसूक नळदुर्गकडं वळली, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मूल वाचलं, हे मला ऐकायचं होतं. ते वाचलं असतं तर माझं न जाणं खपून गेलं असतं, उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला असता. एवढ्या हिशेबानं मी त्या बाईकडं चाललो होतो.

ती भांडी घासत होती. मला पाहून तिनं हात धुतले, पदराला पुसले, चहा ठेवला. मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं की मूल नवव्या दिवशी गेलं. लेक आत झोपून होती, म्हणून ती हळू बोलत होती. अरेरे म्हणालो असेन, किंवा तेही म्हणालो नसेन. ती समोरच्या बाकड्यावर बसली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते माझ्यावर लागलेले होते.

"भाऊ, तुमचं काय बिघडलं न्हाय ना?" तिनं विचारलं. "घरात सोयर आसताना म्या तुमाला बोलले. माजं वझं तुमच्या नवसावर टाकलं. तुमच्या कामात बाधा आली आसंल, तुमच्या घरातल्या कुणाला काय झालं आसंल, ह्येच डोस्क्यात हुतं. रोज रस्त्याकडं बघत हुते, तुमी दिसताव का म्हून."

मी गेलोच नव्हतो, हे तेव्हा सांगायला हवं होतं. माझा नवसच नव्हता, तुमचा निरोप मी पोचवला नाही, पाच मिनिटांचं अंतर मला चालवलं नाही. मैदानात चकरा मारणाऱ्या वकिलाला मी हसायचो, पण त्यानं फसवलं ते स्वतःच्या मोबाईलला. मी कुणाला फसवलं होतं ते समोर बसलेलं होतं आणि माझीच काळजी करत होतं. मला स्वतःची किळस आली. तरीही मी सांगितलं नाही.

"नाही अक्का," मी म्हणालो. "माझं काही बिघडलं नाही."

हे मात्र शब्दशः खरं होतं. तिनं मोठा श्वास सोडला, इतके दिवस अडवून धरलेला. तिचे खांदे खाली आले.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला लई घोर लागला हुता."