गुडघाभर खुंट

मानोऱ्याजवळच्या डोंगरउतारावर मामा वर्षानुवर्षं वाहिती करत होते. उतार कुणाच्याच नावावर नव्हता; जो वाहील त्याचा. मग काही वर्षं ते मामीसह वीटभट्टीवर गेले आणि तेवढ्यात रान परत आलं. आधी तरोटा, घाणेरी. मग पळस, धावडा, साग. कुणी काही पेरलं नव्हतं. जमिनीखाली जुनी मुळं जिवंत होती. इंग्रजी शाळेत मी याची 'सेकंडरी सक्सेशन' म्हणून व्याख्या पाठ केली होती.

"जंगल झालं का जमीन गेली," मामा म्हणाले आणि कुऱ्हाड चालवू लागले. मी पाण्याची कॅन घेऊन बाजूला उभी होते.

दुपारी खालच्या शेताचा मालक आपल्या भावाला घेऊन धुऱ्यावर, बांधापाशी आला. "गुडघ्यावर तोडून राह्यला म्हन्जे सोडूनच जाशील ना बे? तुह्या बापानंही असंच केलं. मग मी वाह्यतो."

आजोबा खरंच खुंट मुद्दाम गुडघाभर ठेवायचे. दोन-तीन पिकं घ्यायची, उतार सोडायचा. खुंटांना फुटवे येऊन रान लवकर भरायचं. मामांना या वेळी सोडायचं नव्हतं, पण हाताला तीच सवय होती.

"जमीन तुह्या बापाची हाय का?" मामा म्हणाले.

मालकाच्या हातातला दांडा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मालकाच्या भावाने त्यांना ढकललं. तासलेल्या खुंटाने पाठ फाटली, वर लाथा. वरच्या बाजूला फांद्या गोळा करणारी मामी धावत आली. तिने दगड उचलून भावाच्या तोंडावर हाणला. तो रक्त थुंकत मागे सरला.

"उद्या ट्रॅक्टर आनतो," मालक म्हणाला.

सकाळी मामा प्लास्टर घालून खाटेवर होते. मामी टिकाव घेऊन निघाली, मागून मी. पळसाच्या मुळावर घाव पडला की लाल चीक वाहायचा.

"बाई, माती ओढ," ती म्हणाली. मी हातांनी ओढत राहिले. नखं उलटली.

ट्रॅक्टर आला. "बायायच्यानं मुळं निघत नसतात," मालक वरूनच हसला.

"निघाल्यावर पाह्यजो," मामी म्हणाली.

मूळ चरचरत फाटून बाहेर आलं. मामीने ते ओढत नेऊन ट्रॅक्टरच्या चाकापुढे टाकलं. मुळासकट खुंट काढणारा जमीन सोडत नाही, हे त्यालाही कळत होतं. बराच वेळ इंजिन चालू ठेवून तो बसला. मग ट्रॅक्टर मागे वळवला.

मामी तोवर पुढच्या खुंटावर घाव घालत होती.