बोगनवेलीला पाणी घालायचं नाही

फोन आला तेव्हा मी चिखलीच्या आमच्या घरी दारातल्या मोगऱ्याची छाटणी करत बसले होते. थंडीच्या तोंडावर छाटून पानं खुडून टाकली की उन्हाळ्यात तो अंगभर फुलतो. लेकीचा फोन होता. "आई, आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. म्हणजे माझ्या विहीणबाई, कौसाबाई... चाकणजवळच्या गावातल्या, उभा जन्म शेतात राबलेल्या. मूत्रपिंडं निकामी झालेली, डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी खुडलेली पानं मुठीत धरून मी तशीच बसून राहिले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, विहिणीचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? असल्यांना मी चहा देते आणि वाटेला लावते.

आमचं सूत जुळलं ते भांडणातून. लेक-जावयानं ताथवड्याला फ्लॅट घेतला. चारही बाजूंनी इमारती, त्यामुळे बाल्कनीत ऊन यायचं ते फक्त ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यात, जेमतेम एका कुंडीपुरतं. वास्तुशांतीला मी, लातूर सोडताना जपत आणलेल्या आमच्या मोगऱ्याचं रोप घेऊन गेले. बघते तर कौसाबाईंनी शेताच्या कुंपणावरची बोगनवेल आधीच आणून त्या कोपऱ्यात टेकवलेली. मला राग आला. मुलाची आई म्हणून ऊनसुद्धा यांचंच का? मी पदर खोचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "विहीणबाई, हे फूल देवाला वाहता येत नाही, केसात माळता येत नाही, वास म्हणाल तर नाही. काय करायचं हो त्याचं?"

त्या अजिबात चिडल्या नाहीत. "बघायचं," म्हणाल्या.

जावई बिचारा चाकणला कंपनीत, माणसं सांभाळून घ्यायची सवय असलेला. त्यानं तोडगा काढला, दोन्ही कुंड्यांना शिफ्ट लावू. एक आठवडा मोगरा उन्हात, दुसरा आठवडा वेल, रविवारी बदली. आम्ही दोघी कबूल झालो. मग माझी रविवारची खेप ताथवड्याला ठरलेली आणि त्यांचीही. जागेवरून मागे हटायला कुणीच तयार नव्हतं. कुंडी सरकवताना कोण पुढं, कोण मागं यावरूनही वाजायचं आणि लेक आत तोंडाला पदर लावून हसायची. पण त्या वर्षी मी जे शिकले ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कौसाबाई कुंडीच्या मातीत बोट घालायच्या, दोन पेरं आत. माती ओली लागली की वेलीला थेंब नाही. "इहीनबाई, तुमचा मोगरा म्हंजी पाव्हना हाय. रोज पानी इचारावं लागतं, न्हाई तर कळ्या गाळून बसतो. माझी वेल घरची. तिला वाईच तान लागू द्या, मंग फुलती. लाड केलं की नुसता पाला." मी म्हणायचे, लाडाशिवाय वाढलेलं ते काय वाढणं?

शिफ्टमध्ये अर्धपोटी राहूनही मोगरा थोडा फुलला. पहिली ओंजळ मी मुद्दाम त्यांच्या हातावर ठेवली. नवरा गेल्यापासून त्यांनी फूल माळलं नव्हतं. त्यांनी ती नाकाशी धरून खोल वास घेतला. मग म्हणाल्या, "वासात तुमचा मोगरा जितला. पर रंगात न्हाई." वेलीला तोवर एक फूल आलेलं नव्हतं, तरी ही बाई ऐकेना. त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी त्यांना पिंपरीला दवाखान्यात ठेवलं. लेक-जावई नोकरीवर, म्हणून दिवसा मी बसायचे. पाण्यावर बंधन होतं. स्टीलच्या एका फुलपात्रानं मोजून द्यायचं, आणि ते संपलं की संपलं. घसा कोरडा पडून त्यांचा आवाज निघायचा नाही. माझी बाटली मी पिशवीत खाली दडवून ठेवायचे, तहान लागली की बाहेर जाऊन प्यायचे. त्यांच्या ते लक्षात आलं. "बाटली लपवू नका, इहीनबाई. हितं बसून प्या," त्या म्हणाल्या. "मी बघते." मी त्यांच्यासमोर पाणी प्यायले. आणि त्या समाधानानं बघत होत्या, जणू त्यांचीच तहान भागत होती. त्याच दुपारी त्यांनी माझा हात धरला. "वेलीला पानी कुनाला घालू देऊ नका. आवंदा ती फुलली पायजे." मी "व्हय" म्हणाले.

त्या गेल्या आणि त्या वेलीवर सगळे तुटून पडले. जावई कामावर जाताना तांब्या ओतायचा, लेक आल्यावर ओतायची, भेटायला आलेली माणसंसुद्धा कौसाबाईंची वेल म्हणून डोळे पुसत पाणी घालायची. बोलवेना कुणाला, पाणी घालणं तेवढं जमायचं. मीही घातलं. घालताना वाटायचं, दवाखान्यात दिलं नाही ते आता देतेय... वेल हिरवीगार झाली, ग्रिलबाहेर फांद्या गेल्या आणि फुलाचा पत्ता नाही. एक दिवस मी सवयीनं मातीत बोट घातलं आणि नुसता चिखल लागला. दवाखान्यातला त्यांचा हात आठवला. मी काय करत होते?

त्याच दिवशी मी घरातल्यांना बसवून सांगितलं. वेलीचं पाणी माझ्या हातात. पानं पार माना टाकतील तेव्हाच मिळेल, त्याआधी थेंब नाही. कुणाला रडायचं असेल त्यानं माझ्याजवळ येऊन रडावं. मग मोगऱ्याची कुंडी मी स्वतः उचलून भिंतीशी ठेवली. थंडीत तो झोपलेलाच असतो, त्याला उन्हाचं काय एवढं? उन्हाचा कोपरा सध्या वेलीचा, सगळ्या शिफ्ट तिच्या, वर ओव्हरटाइम. चिखलीचं घर शेजारणीवर सोपवून मी इथं ताथवड्यालाच मुक्काम ठोकलाय. फुलं येईपर्यंत हलणार नाही.

परवा दुपारी लेक बाल्कनीत उभी होती. म्हणाली, "आई, पानं मलूल दिसायला लागलीत गं. थोडं तरी घालू दे."

मी बोट घातलं. वरची माती सुकली होती, दुसऱ्या पेराला गारवा लागला.

"न्हाई," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. मी आत गेले, दवाखान्यातून परत आलेलं ते फुलपात्र काठोकाठ भरून आणलं. लेकीला वाटलं, आईचं मन विरघळलं. मी स्टूल ओढलं, वेलीसमोर बसले आणि तिच्या देखत ते पाणी सगळं प्यायले.