किल्लीवाल्याचा विमा

माझी मावशी दिवसभर लोकांचं रक्त काढते. हे तिच्या नोकरीबद्दल झालं. काकांना विचाराल तर घरीही तेच चालतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काम करते. लहान मुलं तिला बघून रडतात आणि मोठ्यांना रडायची लाज वाटते म्हणून ते तिच्याशी बोलत सुटतात. सुई आत जाईपर्यंत माणूस जावयाच्या तक्रारींपासून स्वतःच्या पहिल्या प्रेमापर्यंत सगळं ओकून मोकळा होतो. या बोलण्यातूनच मावशीने एक कादंबरी लिहिली. नायक बाजाराच्या तोंडाशी टपरीत बसून किल्ल्या बनवणारा. गावभरच्या घरांच्या किल्ल्या त्याच्या डोक्यात, आणि स्वतःची किल्ली रोज हरवलेली.

कादंबरी पूर्ण झाली तेव्हा मावशी जेवताना म्हणाली, "आता एजंट शोधायला हवा."

काका एकदम ताठ बसले. काका विमा एजंट आहेत. "शोधायचा कशाला? घरात बसलाय की!"

"तसला नाही हो. साहित्याचे एजंट वेगळे. ते आपलं पुस्तक प्रकाशकांपर्यंत नेतात."

"मग ते आपल्याकडे कधी येणार?"

"येत नाहीत ते. आपणच त्यांना विनंती करायची. आणि बहुतेकांना ते नाही म्हणतात."

काकांचा घास हातातच राहिला. "अगं, मला बघून लोक अर्ध्या जिन्यातून परत वर गेलेत. एका गृहस्थांनी तर 'ते वारले' असं स्वतःच दार उघडून सांगितलं. आणि जगात असेही एजंट आहेत की जे गिऱ्हाइकालाच पळवून लावतात? भरती कुठे असते यांची?"

नकार यायला लागले. सगळे ईमेलवर आणि सगळे भयंकर सभ्य. प्रत्येक एजंटला फाइल वेगळ्या पद्धतीने हवी असे, म्हणून मला बोलावणं येई. मी अक्षरं लहानमोठी करून द्यायची, मावशी कथा लहानमोठी करायची. एकाने म्हटलं, गती कमी आहे. तिने पावसाळा उडवला. एकाने म्हटलं, इतक्या वयस्कर नायकाला वाचक मिळत नाही. तिने पंचावन्नच्या किल्लीवाल्याला तिशीत आणून बसवलं. मग एका बाईंचं उत्तर आलं, 'पात्रांशी आम्ही जोडले गेलो नाही.'

"जोडले गेलो नाही म्हणजे काय गं?" मावशीने मला विचारलं. "नळ आहे का तो?"

मी हसले. ती हसली नाही. "आपलीच पानं आपल्याच तोंडाला पुसतात ही माणसं," ती म्हणाली, आणि टेबलावरचं कापड काढून तिने कॉम्प्युटरवर टाकलं. "बास. यापुढे मी फक्त रक्त काढणार."

पहिला आठवडा काकांना बरं वाटलं. मग मावशीचं लक्ष घराकडे वळलं. तिने काकांचं कपाट उघडलं. त्यांच्या टायांची छाननी झाली, जुने बूट बाहेर गेले. पण घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. मावशी लॅबमधून येऊन काही सांगेनाशी झाली. "आज कोण आलं होतं?" काका विचारत. "माणसं," ती म्हणे.

"तुझं चुकतंय कुठे सांगू?" काका एकदा म्हणाले. "तुला नकाराची पारखच नाही. दारातला नकार वेगळा, खुर्चीवर बसवून दिलेला वेगळा. पाणी देऊन नाही म्हणाले तर महिन्याने परत जायचं. चहा देऊन नाही म्हणाले तर समज, पॉलिसी झाली, फक्त त्यांना अजून माहीत नाही."

"ईमेलवर चहा कसा देतील?"

"तेच म्हणतोय! प्रत्यक्ष भेटायला हवं."

आणि तिला न सांगता, छाननीत वाचलेला एकुलता एक टाय लावून काका त्या न जोडल्या गेलेल्या बाईंच्या ऑफिसात जाऊन थडकले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मी तिथेच होते.

"खुर्ची दिली, पाणी दिलं," काका म्हणाले. "मग विचारलं, कादंबरी कशाबद्दल आहे."

मावशीने कपाळाला हात लावला. "काय सांगितलंत?"

"म्हटलं, दीर्घकाळात फार फायद्याची आहे."

"अहो!"

"मग त्या म्हणाल्या, तुम्ही वाचलीय का?" काकांनी टाय सैल केला. "कधी म्हणून अटी न वाचता पॉलिसी विकली नाही मी. आज न वाचताच गेलो. मान खाली घालून बाहेर आलो बघ."

स्क्रीनवर वाचणं त्यांना जमेना, म्हणून मी कागदांवर छापून दिली. काकांनी आयुष्यात कधी कादंबरी वाचली नव्हती. बाल्कनीत पेन घेऊन बसले, प्रत्येक पान झालं की कोपऱ्यात सही करायचे. मधूनच हसायचे. मावशी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची आणि मला म्हणायची, "ऐकत नाहीये मी."

रविवारी दुपारी पानं वाढायच्या वेळी बाल्कनीतून ओरडा आला, "मारलंस तू त्याला?"

काका गठ्ठा घेऊन आत आले. डोळे लाल. "बायको, दोन मुली, टपरी भाड्याची, आणि विमा नाही? मारायचंच होतं तर आधी माझ्याकडे पाठवायचास!"

"अहो, गोष्ट आहे ती."

"गोष्ट काय गोष्ट! त्याला दवाखान्यात तरी न्यायचंस. वाचला असता. तिशीतला तरणाबांड माणूस असा बसल्या जागी जातो होय?"

"जाणार म्हणजे जाणार," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "शेवट तोच राहील."

"त्या एजंटांनी सांगितलं ते सगळं बदललंस. मी एवढंच म्हणतोय, जिवंत ठेव, तर नाही?"

मावशी पळी हातात घेऊन थांबली. "तिशीतला केला तीच चूक झाली," ती हळूच म्हणाली. "त्याला मरणाची सवय व्हायला वय हवं होतं." मग तिने गॅस बंद केला, जाऊन कॉम्प्युटरवरचं कापड ओढलं आणि खुर्चीत बसली. "पावसाळाही परत घालते. आणि पुढच्या एजंटला पाठवते."

"पण मरणार?"

"मरणार."

काका तोंड फिरवून बाल्कनीत गेले. मी हाक मारली तर म्हणाले, आज घास उतरणार नाही. मावशीला हाक मारली तर तिने वर न बघता नुसता हात हलवला. एक जण शोकात, एक कामात. जेवायला मी एकटीच बसले.