आतोबांच्या डोळ्यातली हरळी

कुरुळीच्या पंचक्रोशीत माणसं भेटली की रामराम करत; आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, डोळा उघडून दाखवत. बोटांनी उजव्या डोळ्याच्या पापण्या फाकवायच्या, समोरच्याच्या नाकाला नाक भिडवायचं आणि विचारायचं, "बघ रं, हरळी हाय का?" नवा तलाठी असो की वरातीतला नवरदेव, डोळा तपासल्याशिवाय सुटका नाही. भावकीतल्या एका मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना तर मुलीच्या आधी आतोबांचा डोळा बघावा लागला. बिचाऱ्यांनी दोन्ही पसंत केले.

हरळी हे शेतातलं चिवट तण, पण आतोबांच्या भाषेत हरळी म्हणजे डोळ्यातला वडस. डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा पातळ पडदा निघतो आणि हळूहळू बुबुळावर चढतो. पुण्याच्या डॉक्टरांनी तो कापून काढला आणि बजावलं, हा परत उगवतो, जपा. आतोबांच्या कानांनी 'परत उगवतो' एवढंच ठेवून घेतलं. हरळीचं रान नांगरून उन्हाळाभर तापू दिलं की तिची मुळं मरतात, हे शेतकऱ्याला काय डॉक्टरनं शिकवायचं? पट्टी सुटली तसे ते रोज भर दुपारी खळ्यात बाज टाकून, सूर्याकडे डोळा लावून पडू लागले. आत्या कावली, तर म्हणाले, रान तापतंय, मधी बोलू नगं. रान असं झकास तापलं की वर्षाच्या आत वडस आधीपेक्षा जाड होऊन हजर झाला.

दुसऱ्या खेपेला मला सोबत धाडलं, कारण मी पिंपरीच्या कंपनीत कारकून, म्हणजे मला डॉक्टरांची भाषा कळणार, असा घरात समज होता. या वेळी वडस कापल्यावर डॉक्टरांनी मुळाच्या जागी कसल्याशा किरणांचा शेक दिला, घालायला थेंब दिले आणि दम भरला: ऊन, वारा, धूळ एकदम बंद. आता उगवला तर बुबुळ झाकेल आणि डोळा हातचा जाईल. आतोबांचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. 

मग मात्र त्यांनी डोळ्याचं असं काही सोवळं मांडलं की सांगता सोय नाही. मी कंपनीतून आणलेला वेल्डिंगचा काळा चष्मा, त्याच्या दोन्ही बाजूंना घाण्याच्या बैलाला लावतात तसली कातड्याची झापडं, वर मुंडाशाचा शेव आणि त्याच्यावर छत्री. आत्याला अंगण झाडायची बंदी. वारा सुटला की हा गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून उलटा चालत शेतावर जाई. गोठ्यातली जनावरं बुजायची, फक्त म्हातारा सर्जा बैल तेवढा छत्रीच चाटायचा. डोळा सांभाळायचाय की तान्हं पोर, असं आत्या गावभर विचारत फिरायची.

आणि चैत्रात जत्रा आली. आमच्याकडे जत्रा म्हणजे बैलगाडे. घाटाच्या चढावरून एकेक गाडा उधळत वर येतो, बैलांनी रेघ ओलांडली की वरच्या माणसानं निशाण टाकायचं, तोवर पंचांनी आकडे मोजायचे; ज्याचे आकडे कमी, तो गाडा पुढे. ते निशाण कायम आतोबांच्या हातात, कारण त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाड्यालाही कधी सूट दिली नव्हती. पण घाटात धुळीला तोटा नाही. मी म्हटलं, यंदा दुसऱ्याला द्या. तर दुसऱ्याचं निशाण कुणी मानंल व्हय, हा सवाल. शेवटी त्यांनीच तोड काढली. रेघेवर मुरूम पसरायला लावला आणि चष्मा, झापडं, छत्री अशा सरंजामासकट डोळे गच्च मिटून उभे राहिले. मुरमावर खुरं वाजली की निशाण. कुणी हूं की चूं केलं नाही, एवढी त्यांची पत. फक्त मधेच एक शेळी आडवी पळाली, तिलाही निशाण पडलं, आणि तिचा धनी बक्षीस मागत दिवसभर पंचांच्या मागे हिंडला.

शेवटची बारी आतोबांच्या सर्जाची. त्याचं हे शेवटचं पळणं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. खालून आरोळी उठली. आतोबांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली. मग झापडं काढली. मग चष्मा.  मी म्हटलं, आतोबा, डोळा.

"त्यो काय परत पळायचा हाय व्हय?" ते म्हणाले.

धुळीचा लोट घेऊन सर्जा वर आला. आतोबा टक्क उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत राहिले, इतके की निशाण टाकायचंच विसरले. पंच आपले मोजताहेत, मोजताहेत. सर्जा सगळ्यांत शेवटचा ठरला. लोक म्हणाले, गाडा कधीच पोचला होता, आकडे कमी धरा. आतोबांनी मानलं नाही. निशाण पडलं न्हाई म्हंजी गाडा आला न्हाई, म्हणाले, आणि सर्जाच्या पाठीवरची धूळ पुसत बसले.

त्या पावसाळ्यात सर्जा गेला. वडस मात्र परत उगवलाच नाही. किरणांनी मुळं खरोखर जाळली होती. पण आतोबांनी डोळा दाखवणं सोडलं. ज्या सवयीला आम्ही इतके वैतागलो, तिच्यावाचून मलाच करमेना. गेलो की मीच त्यांची पापणी उचलून बघायचो आणि सांगायचो, "आतोबा, रान साफ हाय."

"असंल," म्हणायचे, आणि त्या साफ डोळ्यानं गोठ्यातल्या सर्जाच्या रिकाम्या दाव्याकडे बघत राहायचे.